‘कुशल’ कोण? : परदेशातील नोकरीचा परवाना आणि मुंबई-पनवेल परिसर

प्रस्तावना

मुंबई, ठाणे, पनवेल या पट्ट्यातील सुशिक्षित तरुणाला ‘स्किल्ड वर्कर व्हिसा’ हा शब्दप्रयोग आता अपरिचित राहिलेला नाही. इंग्लंडमध्ये या नावाचा व्हिसा १ डिसेंबर २०२० पासून अमलात आला. तथापि परदेशी कामासाठी जाणाऱ्या भारतीयांची ‘कुशल’ आणि ‘अकुशल’ अशी विभागणी मात्र त्याहून बरीच जुनी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळाने १९२२ मध्येच ‘कुशल काम’ या संज्ञेची व्याख्या कायद्यात नमूद केली होती. या दोन घटनांमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. त्या काळात कुशल कोणाला म्हणावे हे वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळ्या वेळी ठरवले आणि पुन:पुन्हा बदलले.

प्रस्तुत निबंधात या बदलत्या व्याख्येचा मागोवा मुंबई बंदर आणि पुढे खारघर-तळोजे परिसराच्या संदर्भात घेतला आहे. कौशल्य हा कारागिराच्या हाताचा गुण आहे, ही सर्वसामान्य समजूत बरोबरच आहे. परंतु परवाना देणाऱ्या कायद्याने तो गुण क्वचितच हातावरून पारखला. घेणाऱ्या देशाची त्या घडीची गरज आणि जाणाऱ्याच्या जवळचा कागद या दोन गोष्टींवरून तो ठरत आला. याचे परिणाम केवळ शब्दापुरते नव्हते. कोणाला मोकळेपणाने जाता येईल, कोणाला सरकारी अधिकाऱ्यासमोर उभे राहावे लागेल आणि कोणाला मुळीच जाता येणार नाही, हे त्या एका शब्दाने ठरत असे.

गिरमिट प्रथेचा अंत आणि १९२२ चा कायदा

एकोणिसाव्या शतकात परदेशी गेलेल्या मराठी कष्टकऱ्यांचा सर्वांत ठळक प्रवाह मॉरिशसकडे वाहिला. १८३४ नंतर तेथील उसाच्या मळ्यांवर कराराने बांधलेले हिंदी मजूर नेले जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकण व देशावरील मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचा अपभ्रंश होऊन ‘गिरमिट’ झालेल्या या प्रथेविरुद्ध हिंदुस्थानात प्रखर लोकमत तयार झाले. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात ती बंद करण्याचा ठराव मांडला. तो त्या वेळी फेटाळला गेला. पण १९१७ मध्ये अशी भरती थांबली आणि पुढे १९२२ चा स्थलांतर कायदा संमत झाला.

या कायद्याने अकुशल कामासाठी होणारे स्थलांतर सरसकट बेकायदेशीर ठरवले. ज्या देशांना सरकारने अधिसूचनेद्वारे परवानगी दिली असेल, तेवढेच अपवाद. कुशल कामासाठी जाण्याची वाट मात्र अटींसह खुली ठेवली. त्यासाठी दोन्हींमधील सीमारेषा आखणे भाग होते. कायद्याने ‘कुशल काम’ या संज्ञेत कारागिराचे काम घातले, यात नवल नाही. परंतु त्याच कलमात कारकून व दुकानातील साहाय्यक, प्रदर्शन किंवा करमणुकीसाठी काम करणारे, उपाहारगृहात किंवा चहाच्या दुकानात सेवा करणारे आणि घरगुती नोकर यांचीही गणना केली. शेतीचे काम मात्र अकुशल ठरले.

वरवर पाहता ही यादी विचित्र वाटते. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारा कुणबी अकुशल आणि चहाचे कप धुणारा पोऱ्या कुशल, असा तिचा अर्थ होतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गिरमिटाचा मळा होता, हे लक्षात घेतले की तिचा उलगडा होतो. धोका मळ्यात होता, म्हणून मळ्यातील काम अकुशल ठरवून त्यावर बंदी घातली. मळ्याबाहेरचे जे उरले ते कुशल. म्हणजे ही विभागणी कामाच्या अवघडपणावरून झालेली नव्हती. कोठे फसवणूक होण्याची भीती अधिक, यावरून ती झाली होती. करमणुकीचा उल्लेखही उगाच आलेला नाही. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या सर्कशीनंतर मराठी सर्कशींची परंपरा उभी राहिली होती आणि त्यांचे खेळ समुद्रापलीकडेही होत. करार करून बाहेर जाणारा असा कसरतपटू या व्याख्येनुसार ‘कुशल’ होता.

कुशल कामगार नेऊ इच्छिणाऱ्या मालकाला बंदराच्या प्रांतिक सरकारकडे अर्ज करावा लागे. किती माणसे हवीत, कोठे न्यायची, कराराच्या अटी कोणत्या, त्यांच्या आरोग्याची तसेच मुदत संपल्यावर परत आणण्याची तजवीज काय, हे सांगून तारण ठेवावे लागे. जाणाऱ्याला संरक्षक अधिकाऱ्यासमोर हजर व्हावे लागे. ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे या अधिकाऱ्याचे पदनाम पुढील कायद्यातही टिकून राहिले. येथे एक बाब नोंदवण्यासारखी आहे. १९२२ च्या व्यवस्थेत परवान्याचे ओझे मुख्यत्वे नेणाऱ्यावर होते. जाणाऱ्याने आपले कौशल्य कागदाने सिद्ध करावे, अशी अपेक्षा त्यात फारशी नव्हती. कागदाची ही सक्ती पुढच्या काळाची देणगी होय.

आबादानची वाट

या काळात मुंबईतून कुशल कामगारांची मोठी भरती झाली ती इराणच्या आखातातील तेल उद्योगासाठी. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा आबादान येथील शुद्धीकरण कारखाना १९१२ मध्ये सुरू झाला. त्यासाठी लागणारे फिटर, सुतार, ड्रायव्हर, कारकून कंपनी मुंबई व कराची येथून नेत असे. त्या वेळी मुंबईत गिरण्या, रेल्वेचे कारखाने आणि गोदी यांत यंत्रावर हात बसलेला कामगारवर्ग तयार होता. १८८७ मध्ये स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटसारखी संस्थाही होती. परंतु बहुतेकांचे शिक्षण जॉबरच्या हाताखाली, प्रत्यक्ष यंत्रावरच होई.

आबादान येथे हिंदी कामगारांना इंग्रज कर्मचाऱ्यांपेक्षा फार कमी वेतन व हलक्या प्रतीची निवासस्थाने मिळत. डिसेंबर १९२० मध्ये त्यांनी तेथे संप केला आणि वेतनवाढ मिळवली. १९२२ मध्ये पुन्हा संप झाला, तेव्हा कंपनीने अनेकांना मायदेशी परत पाठवले. कागदोपत्री कुशल ठरणे म्हणजे समान वागणूक मिळणे नव्हे, हे या लोकांना इतक्या लवकर कळले होते.

पासपोर्ट : कृपा की हक्क?

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे स्वरूप बदलले. पूर्वीचा अडथळा बंदरावर होता, आता तो पासपोर्टच्या टेबलावर आला. पासपोर्ट देणे वा नाकारणे हे सरकारच्या मर्जीवर अवलंबून असे. पन्नासच्या दशकात अल्पशिक्षित मजुराने इंग्लंडला जाण्यासाठी पासपोर्ट मागितला तर तो मिळणे कठीण होते. देशाची प्रतिमा जपण्याची भावना त्यामागे होती. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंत सिंग साहनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा अस्तित्वात आला. एका निवाड्याने सामान्य माणसाच्या हाती इतके काही दिल्याची उदाहरणे थोडीच सापडतील.

मात्र आपल्या दारातून बाहेर पडण्याचा हक्क मिळाला, तेव्हा पलीकडचे दार अरुंद होऊ लागले होते. इंग्लंडने १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातील नागरिकांसाठी व्हाउचर पद्धत सुरू केली. ‘अ’ वर्गात विशिष्ट नोकरी मिळालेले, ‘ब’ वर्गात विशेष पात्रता असलेले आणि ‘क’ वर्गात उरलेले सर्व, अशी तिची रचना होती. काही वर्षांतच ‘क’ वर्ग बंद झाला. डॉक्टर, अध्यापक, विज्ञान पदवीधर यांचा ‘ब’ वर्ग मात्र चालू राहिला. आजच्या स्किल्ड वर्कर व्हिसाचा पूर्वज शोधायचा तर तो या ‘ब’ वर्गातच सापडतो.

मुंबईच्या ग्रँट आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास या वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीधरांसाठी हा मार्ग सोयीचा होता, कारण भारतीय वैद्यकीय पदव्यांना इंग्लंडच्या जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता होती. १९७५ मध्ये कौन्सिलने ती काढून घेतली आणि परीक्षा सक्तीची केली. त्या वर्षी मुंबईच्या रुग्णालयांतून बाहेर पडलेला डॉक्टर आदल्या वर्षीच्या डॉक्टरपेक्षा कमी शिकलेला नव्हता. बदलला होता तो फक्त त्याच्या कागदाचा भाव.

आखात, १९८३ चा कायदा आणि पासपोर्टवरील शिक्का

१९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या आणि आखाती देशांत बांधकामाचा सुकाळ झाला. कोकणातील अनेक कुटुंबांसाठी दुबई, कुवेत, मस्कत ही नावे मुंबईइतकीच जवळची झाली. मुंबई हे या भरतीचे प्रमुख केंद्र बनले. गवंडी, सुतार, प्लंबर, वेल्डर यांची ‘ट्रेड टेस्ट’ येथेच घेतली जाऊ लागली. या ट्रेड टेस्टचा उल्लेख मुद्दाम करावासा वाटतो, कारण संपूर्ण इतिहासात कौशल्य खरोखर हातावरून पारखणारी ही जवळजवळ एकच जागा आहे. नळीच्या वेल्डिंगमध्ये ‘सिक्स-जी’ म्हणून ओळखली जाणारी चाचणी असते. तीत पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बसवतात आणि तो न हलवता वेल्डरला सर्व बाजूंनी जोड भरावा लागतो. तेथे शाळेचा दाखला उपयोगी पडत नाही. जोड कसा आला, हेच पाहिले जाते.

या भरतीत फसवणूकही अमाप झाली. खोटे व्हिसा, दुप्पट वसुली, विमानतळावरच सोडून दिलेली माणसे, मुंबईत उतरल्यावर गायब झालेले दलाल या गोष्टी त्या काळात नेहमीच्या होत्या. १९२२ चा कायदा या नव्या व्यवहाराला अपुरा पडू लागला. म्हणून १९८३ चा स्थलांतर कायदा करण्यात आला आणि तो ३० डिसेंबर १९८३ पासून अमलात आला. भरती करणाऱ्या एजंटांना नोंदणी व तारण सक्तीचे झाले. ठराविक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना संरक्षक अधिकाऱ्याची मंजुरी बंधनकारक झाली आणि तिच्यातून सूट मिळवण्याचा प्रमुख निकष शिक्षण हा ठरला. ज्यांना मंजुरी आवश्यक त्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद होऊ लागली. शिक्षणाची अट कालांतराने शिथिल होऊन दहावी उत्तीर्ण असणे पुरेसे ठरले.

परिणाम असा झाला की, तिरक्या पाइपवर निर्दोष जोड भरणारा, परंतु नववीत शाळा सोडलेला वेल्डर संरक्षणास पात्र दुर्बल ठरला आणि कधीही हत्यार हाती न धरलेला दहावी उत्तीर्ण तरुण स्वतंत्र ठरला. हेतू चांगला होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. करार वाचता येत नाही त्याला लुबाडणे सोपे असते. परंतु संरक्षणाची गरज आणि कौशल्याचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शिक्क्यात मिसळल्या गेल्या. १९२२ मध्ये कुशल मानलेले घरगुती नोकर आणि उपाहारगृहातील सेवक यांपैकी पुष्कळजण आता शिक्क्याच्या या बाजूला आले.

हा शिक्का किती झोंबतो, याचा प्रत्यय जानेवारी २०१८ मध्ये आला. ईसीआर वर्गातील लोकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले. कमी शिकलेल्यांना दुय्यम नागरिक ठरवणारा निर्णय अशी त्यावर टीका झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो मागे घेण्यात आला. १९९० मध्ये कुवेतवरील आक्रमणानंतर अम्मानमार्गे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय परत आणले गेले. त्या विमानांत इंजिनिअर आणि हमाल शेजारी शेजारी बसून आले होते, याची आठवण त्या वादात फारशी कोणी काढली नाही.

खारघर आणि तळोजे

सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गावांची जमीन संपादित करून नवी मुंबई उभी राहू लागली. बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे या गावांच्या भोवती खारघर हे उपनगर वसले. १९९८ मध्ये लोकल गाडी पनवेलपर्यंत पोहोचली आणि येथील वस्ती झपाट्याने वाढली. अभियांत्रिकी व व्यवस्थापन महाविद्यालये निघाली. टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आली. शेजारीच तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. एकीकडे पदवीची आणि दुसरीकडे हाताच्या कामाची अशा दोन्ही वाटा येथे एकमेकींना खेटून आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो त्यांना एकाच रुळावर जोडते.

खारघर वाढत होते तीच वर्षे अमेरिकेच्या एच-१बी व्हिसाच्या भरभराटीची होती. १९९० च्या कायद्याने निर्माण केलेल्या या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार होती. संगणकांतील ‘वाय-टू-के’ प्रश्नाने मागणी वाढवली आणि २००१ ते २००३ या काळात ती १ लाख ९५ हजारांपर्यंत नेली गेली. पुढे पुन्हा खाली आली. या व्हिसासाठी अमेरिकेतील चार वर्षांच्या पदवीशी समकक्ष पात्रता लागते. मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकी पदवीला ती अडचण नव्हती. तीन वर्षांच्या बी.एस्सी. पदवीला मात्र होती. उणे पडलेले एक वर्ष भरून काढण्यासाठी तीन वर्षांचा कामाचा अनुभव मोजला जाई. अनुभवाची तीन वर्षे म्हणजे वर्गातले एक वर्ष, असा हा हिशोब होता. कोणत्याही कारखान्यातल्या मिस्त्रीला तो उलटा वाटला असता. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावण्यात आले, तेव्हा पदवीच्या कागदाबरोबर मालकाची थैली हाही कौशल्याचा निकष बनला.

इंग्लंडची सरकती रेषा

व्हिसाच्या रेषा किती सरकतात याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडचेच आहे. जानेवारी २००२ मध्ये तेथे उच्चकुशल स्थलांतरितांसाठी गुणांकन पद्धतीची योजना सुरू झाली. नोकरी हाती नसतानाही पदवी, अनुभव व मिळकत यांच्या गुणांवर प्रवेश मिळे. अनेक भारतीय नोकऱ्या सोडून, घरे विकून त्या योजनेवर गेले. २००६ मध्ये नियम कडक केले आणि आधीच आलेल्यांनाही ते लावले. गेलेल्या लोकांनी संघटित होऊन न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २००८ मध्ये उच्च न्यायालयाने पूर्वी प्रवेश दिलेल्यांना नवे नियम लावणे गैर ठरवले. परदेशस्थ व्यावसायिकांनी परक्या सरकारविरुद्ध मिळवलेला हा विजय आपल्याकडे जेवढा चर्चिला जायला हवा होता तेवढा चर्चिला गेलेला नाही.

२०२० च्या स्किल्ड वर्कर व्हिसात आधी परवानाधारक मालकाचे प्रायोजन, मग ठरलेल्या यादीतील व्यवसाय, इंग्रजीची परीक्षा आणि किमान वेतन अशी साखळी आहे. सुरुवातीला सर्वसाधारण किमान वेतन वर्षाला २५,६०० पौंड होते. एप्रिल २०२४ मध्ये ते ३८,७०० आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाले. त्याच दिवशी नव्या अर्जदारांसाठी पात्र व्यवसायांची पातळी साधारणपणे पदवीपर्यंत उंचावली. काही तांत्रिक व्यवसाय तेवढे तात्पुरत्या यादीत राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची शुश्रूषा करणारे सेवक या व्हिसाला पात्र ठरले होते. जुलै २०२५ मध्ये परदेशातून त्यांची नवी भरती बंद झाली. आचाऱ्यांचेही तेच झाले. साडेतीन वर्षांत शुश्रूषेचे काम कुशल झाले आणि पुन्हा अकुशलही झाले. अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला कूस बदलून देण्याची रीत मात्र त्या काळात तीच राहिली होती.

जर्मनीचा करार

पश्चिमेकडील एक दार अरुंद होत असताना दुसरे उघडताना दिसते. जर्मनीने २००० मध्ये संगणक तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ आणले, तेव्हा तेथील एका राजकीय पक्षाने हिंदी माणसांऐवजी आपली मुले वाढवा, अशा आशयाची घोषणा दिली होती. त्याच जर्मनीने डिसेंबर २०२२ मध्ये भारताशी स्थलांतराचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. त्यानुसार पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना जर्मन भाषा व व्यवसायाचे प्रशिक्षण देऊन पाठवण्याचे ठरले. एखाद्या राज्य शासनाने शिक्षण खात्यामार्फत अशी जबाबदारी घेणे ही महाराष्ट्राच्या इतिहासात नवी गोष्ट होय.

या योजनेतील व्यवसायांत परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि ड्रायव्हर आहेत. त्यांच्याच जोडीला उपाहारगृहातील वेटर, आचारी, खोल्यांची स्वच्छता करणारे आणि दुकानातील विक्री साहाय्यकही आहेत. १९२२ च्या कलमातील चहाच्या दुकानातला सेवक, दुकानातला साहाय्यक आणि घरगुती नोकर तेथे जवळजवळ त्याच ओळीने पुन्हा उभे राहिलेले दिसतात. फरक एवढाच की, जर्मन कायदा ‘कुशल’ म्हणताना साधारणपणे किमान दोन वर्षांचे औपचारिक प्रशिक्षण आणि त्याची तेथील मान्यता पाहतो. आपल्याकडे आचारी बहुधा दुसऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली तयार होतो, वायरमन वायरमनच्या मागे शिडी धरून. त्यांच्यापाशी दाखवायला कागद नसतो. तळोज्याच्या कारखान्यातला असा फिटर आणि खारघरमधला आय.टी.आय. उत्तीर्ण मुलगा एकाच वर्गात जर्मन शिकायला बसले, तरी त्यांतील दुसऱ्याचाच अर्ज पुढे सरकण्याची शक्यता अधिक असते.